चार महिने धरा

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमच्या लॅबमधल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं." मी लगेच हो म्हटलं, कारण गमतींना तोटा नाही. पण लिहायला बसले की एक माणूस येऊन समोरच्या खुर्चीत बसतो आणि उठतच नाही. चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा फाडली. तेव्हा गमती थोडक्यात उरकते आणि मग त्या माणसाचंच सांगते. संपादकांना चालेल की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

मी पॅथॉलॉजिस्ट. अमरावतीत तीस वर्षं माझी लॅब होती, आता बंद केली. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त काढणारी बाई अशी सगळ्यांची समजूत असते. माझे सख्खे मामा शेवटपर्यंत माझी ओळख "आमची रक्तवाली डॉक्टर" अशीच करून देत. माझं खरं काम वेगळं होतं. शस्त्रक्रियेत कापून काढलेली गाठ, गर्भाशय, आतडं, जे काय असेल ते माझ्याकडे यायचं आणि त्यात कॅन्सर आहे की नाही हे मी सांगायची. तुकडा औषधात मुरवायचा, स्पिरिटमध्ये सुकवायचा, मेणात बसवायचा. त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. मग एका यंत्रावर त्या ब्लॉकचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेच्या स्लाइडवर घ्यायचे आणि रंगवायचे. पेशींचा गाभा जांभळा होतो, बाकीचं गुलाबी. मग मी मायक्रोस्कोपला डोळा लावणार आणि दोन ओळी लिहिणार. त्या दोन ओळींवर एखाद्या घरात जेवण शिजायचं किंवा शिजायचं नाही.

काप काढण्याचं काम रशीदभाईंचं. मूळचे वलगावचे, तिथं त्यांची थोडी शेतीही आहे. माझ्याकडे ते अठ्ठावीस वर्षं होते. माझ्या हाताला लागला तर तो काप चुरगळायचा, त्यांच्या हातून मात्र गुळगुळीत निघायचा. माझं नाव झालं त्यातलं निम्मं त्यांच्या बोटांचं आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता इथं छापून येईल तेव्हा वाचतील.

गमती म्हणाल तर, एका सासूबाईंनी सुनेचं गर्भाशय घरच्या लोणच्याच्या बरणीत आणलं होतं, रुग्णालयातली बाटली गळत होती म्हणून. लॅबमध्ये आठवडाभर हिंगाचा वास. वर जाताना म्हणाल्या, "बरणी तेवढी धुऊन ठेवजा, नेतो मी." दुसऱ्या एका गृहस्थांना आपल्या पित्ताशयातले खडे परत हवे होते, कारण शेजाऱ्यापेक्षा आपले मोठे आहेत हे त्यांना दाखवायचं होतं. आणि एक शिक्षक होते, त्यांनी माझ्या रिपोर्टातल्या इंग्रजीच्या तीन चुका लाल शाईने दुरुस्त करून कागद परत पाठवला. कॅन्सर नव्हता, म्हणून त्यांना तेवढी उसंत होती.

मोठ्या शहरांत पॅथॉलॉजिस्टला पेशंट दिसतच नाही. रिपोर्ट जातो सर्जनकडे आणि पुढचं सर्जन बोलतो. धंद्याचा नियमही तोच आहे. काय आहे ते आम्ही सांगायचं. किती दिवस आहेत ते आम्ही सांगायचं नाही. पण आमच्या वऱ्हाडात माणसं नियम विचारून आत येत नाहीत. पडदा सरकवला की माझं टेबल. "मॅडम, मोकळं सांगा," म्हणून खुर्ची ओढून बसायची. मीही बोलायची. लोकांना मी आवडायचे ती या मोकळ्या बोलण्यामुळेच, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

मधुकरराव असेच पडदा सरकवून आले.

त्याला आता सोळा वर्षं झाली. ते अकोल्याला कोर्टाच्या आवारात अर्जनवीस होते. झाडाखाली टेबल, टेबलावर टाइपरायटर. ज्यांना लिहिता येत नाही किंवा सरकारी भाषेत लिहिता येत नाही, त्यांचे अर्ज ते लिहून द्यायचे. कावीळ झाली म्हणून अकोल्यातल्या एका सर्जननी त्यांचं पोट उघडलं, तर स्वादुपिंडात गाठ निघाली. स्वादुपिंड म्हणजे पोटात जठराच्या मागं आडवी असलेली ग्रंथी, जेवण पचवणारे रस बनवणारी. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती, काढता येण्यासारखी नव्हती. सर्जननी पित्ताला दुसरी वाट करून दिली, गाठीचा एक तुकडा घेतला आणि पोट शिवलं. तो तुकडा एसटीच्या पार्सलने माझ्याकडे आला.

रिपोर्ट न्यायला साधारण मुलगा, भाऊ, जावई येतात. इथं पोटाला पट्टा बांधलेला पेशंट स्वतःच अकोल्याहून बस धरून आला होता.

"मीच मधुकर," ते म्हणाले. "माह्याच पोटातला तुकडा आहे तो. कागद माह्याच हातात द्या."

मी दिला. त्यांनी चष्मा लावला आणि रिपोर्ट खालून वर वाचायला लागले. मला हसू आलं. ते म्हणाले, "तीस वर्षं हेच केलं मॅडम. वरतं समदे गोड लिहितात, कामाचं खाली असते." मग इंग्रजी अक्षर लावून लावून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं मी लिहिलं होतं, की कॅन्सरच्या पेशींभोवती दाट तंतुमय भाग आहे.

"हे काय आहे?"

"ते सोडा," मी म्हटलं. "तो नुसता भराव असतो. गाठीच्या भोवती जमतो. कॅन्सर आत आहे, ते महत्त्वाचं."

"म्हंजे बाहीरच्याचं काई काम नाई?"

"नाही."

हे मी थाप मारून बोलले नव्हते. आम्हाला तसंच शिकवलं होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हा भराव फार असतो, कधी कधी गाठीत कॅन्सरच्या पेशी मूठभर आणि बाकी सगळा भरावच. मायक्रोस्कोपखाली तो गुलाबी पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. आमचा डोळा त्या पट्ट्यांवरून घसरत जांभळ्या पेशी शोधायचा. पेशी सापडल्या की काम झालं. पट्ट्यांबद्दल एक ओळ लिहायची, तीही सवयीने.

मधुकररावांनी कागदाची घडी घातली आणि मुद्द्यावर आले. "मॅडम, मले एकच पोरगी आहे, कल्पना. तिची माय नाई. पोरगी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाले आहे. अजून दीड वर्ष बाकी आहे. जलमभर वकिलाइच्या टेबलापुढं उभा राहिलो, तं माही पोरगी काळ्या कोटात पाहाची इच्छा आहे. तेवढा टाइम आहे का मले? असन तं तिले शिकू देतो. नसन तं तिचं लगन लावून मोकळा होतो. धामणगावचं एक स्थळ येऊन आहे. म्या गेल्यावर तिच्याकडं कोण पाहीन?"

"तुमच्या सर्जनना विचारा," एवढं मी म्हणायला हवं होतं. तोंडपाठ वाक्य आहे ते, कितीदा तरी म्हटलं असेल. पण त्या दिवशी ट्रेमध्ये स्लाइड साचल्या होत्या, फोन वाजत होता, आणि खरं सांगायचं तर मला माझ्या मोकळेपणाची हौस होती. त्या पेशी मी पाहिल्या होत्या. वेड्यावाकड्या, माजलेल्या, मला त्यांचा राग आला होता. आणि स्वादुपिंडाच्या अशा गाठीचे पेशंट किती जगतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.

"दीड वर्ष नाही," मी म्हटलं. "चार महिने धरा."

त्यांनी रिपोर्टाची घडी खिशात ठेवली. मग त्यांनी मला हात जोडले. "बरं झालं सांगतलं. बाकी कोणी सांगून नाई राहिलं." आणि गेले.

तीन आठवड्यांनी लॅबच्या पत्त्यावर कल्पनाच्या लग्नाची पत्रिका आली. मी लग्नाला गेले नाही, पण पत्रिका पाहून मला समाधान वाटलं. एका माणसाचं आपल्यामुळं वेळेत मार्गी लागलं, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

चार महिने गेले, वर्ष गेलं. मधुकरराव केव्हाच गेले असतील असं मी धरून चालले होते. आमच्याकडे पेशंटची बातमी परत येत नाही.

लग्नानंतर साधारण दीड वर्षाने रशीदभाई पडद्यातून डोकावून म्हणाले, "मॅडम, अकोल्याचे अर्जनवीस आले."

"कोण?"

"तेच. चार महिनेवाले."

मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. मधुकरराव आत आले. थोडे वाळलेले, पण स्वतःच्या पायांवर, हातात पिशवी. माझा चेहरा बघून हसले. "बसा मॅडम. म्या आहो अजून."

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? आनंद? नाही. माझं निदान चुकलं की काय, ही भीती. पुढं मी ती स्लाइड काढून पुन्हा पाहिली, नागपूरला माझ्या गुरूंकडेही पाठवली. निदान बरोबर होतं. तो कॅन्सरच होता. फक्त वाढत नव्हता म्हणा, किंवा गोगलगाईसारखा वाढत होता. का, ते मला सांगता आलं नसतं.

पण मधुकरराव निदानाबद्दल बोलायला आले नव्हते. "जगलो त्याचं काई नाई," ते म्हणाले. "पण पोरगी बोलून नाई राहिली माह्याशी."

सासरच्यांनी परीक्षा देऊ देण्याचं कबूल केलं होतं आणि पहिल्याच परीक्षेला ते विसरले. कॉलेज सुटलं ते सुटलंच. सहा महिने झाले, वर्ष झालं, आणि बाप तर धडधाकट. मग कल्पनाच्या मनात शंका आली. तिने अकोल्याच्या सर्जनना जाऊन विचारलं, "बाबांना चार महिने तुम्ही सांगितले होते का?" ते म्हणाले, आम्ही असा काही आकडा दिला नव्हता. तेही खरंच होतं. तेव्हापासून तिचं ठाम मत झालं, की बाबांनी लग्नाला उभं करण्यासाठी मरणाचं सोंग केलं.

"म्या खोटा पडलो मॅडम," मधुकरराव म्हणाले. त्यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. व्यवस्थित समास सोडलेला, त्यांच्या धंद्याला शोभेल असा. 'मी यांना आजाराबाबत विचारल्यावरून अंदाजे चार महिने असे तोंडी सांगितले होते, ते खरे आहे.' खाली माझं नाव आणि सहीला जागा. "फक्त सही पाह्यजे. कोर्टात नेत नाई म्या. पोरीले दाखवाचं आहे, बस."

मी तो कागद दोनदा वाचला. कोर्टात नेत नाही, असं कोर्टाच्या आवारात तीस वर्षं बसलेला माणूस सांगत होता. त्या वेळी डॉक्टरांवर दावे लावल्याच्या गोष्टी आमच्या बैठकांत रोज निघायच्या. माझ्या डोळ्यांपुढं वकिलाची नोटीस आली, पेपरातलं नाव आलं, सर्जनचा फोन आला, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?" त्या सगळ्यांत समोर बसलेला माणूस मला दिसेनासा झाला.

"मी असं बोलल्याचं मला आठवत नाही," मी म्हटलं.

मधुकररावांनी माझ्याकडं पाहिलं. रागाने नाही. अर्ज फेटाळला जाणं त्यांना नवीन नसावं. कागदाची घडी घालून त्यांनी तो पिशवीत ठेवला. "बोललेलंच आठवत नसन तं सही कुठून येईन? बरं आहे मॅडम."

पडद्याशी थांबून मात्र म्हणाले, "म्या टायमावर मेलो असतो तं तुमचं बी खरं झालं असतं अन् माहं बी."

ते गेल्यावर रशीदभाई ट्रे घेऊन आत आले. मधल्या पार्टिशनमधून सगळं ऐकू यायचं. ट्रे ठेवून ते तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मले आठवते."

मी विचारलं, "कालच्या स्लाइड झाल्या का?"

ते म्हणाले, "झाल्या." पुढं कित्येक वर्षं आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. रोज चहा सोबत घ्यायचो तरी.

मधुकरराव त्यानंतर आणखी दोन वर्षं जगले. त्यांची गाठ शेवटी वाढलीच. अकोल्याच्या सर्जननी दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता, त्यात सांगितलं, "तुमचा तो अर्जनवीस गेला हो. पण काय जगला!" शेवटी मुलगी आली होती का, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी विचारलं नाही.

लॅब बंद करताना जुन्या ब्लॉकचा प्रश्न आला. हजारो मेणाच्या वड्या, बुटांच्या खोक्यांत भरलेल्या. रशीदभाईंनी प्रत्येक खोक्यावर वर्ष आणि नंबर घालून ठेवले होते. फेकायच्या बेतात होते, तेवढ्यात ऋतुजाचा फोन आला. डॉक्टर ऋतुजा कधीकाळी माझ्याकडे सहा महिने मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकायला होती. आता ती मोठ्या शहरात कॅन्सरवर संशोधन करते. "मॅडम, काही फेकू नका. स्वादुपिंडाचे जितके असतील तितके ब्लॉक हवेत. त्यातही, अपेक्षेपेक्षा जास्त जगलेल्या पेशंटचा एखादा असेल तर तो आधी."

मी म्हटलं, "एक आहे."

ती स्वतः आली. रशीदभाईंनी खोकं काढलं, ब्लॉक काढला, नवे काप घेतले. हात थोडे थरथरतात आता, पण काप गुळगुळीतच आला. ऋतुजाने आणलेल्या रंगांनी तो रंगवला. या रंगांत तो भराव निळा दिसतो आणि त्यातल्या पेशी वेगळ्या उठून दिसतात. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. सोळा वर्षांपूर्वी ज्यावरून माझी नजर घसरत गेली होती, ते सगळं समोर होतं. कॅन्सरचे छोटे छोटे पुंजके आणि प्रत्येकाच्या भोवती दाट वेढा, कुठंच फट नसलेला.

ऋतुजा सांगत होती. आधी सगळ्यांनाच वाटायचं की हा भराव म्हणजे कॅन्सरने स्वतःभोवती बांधलेली भिंत. औषध आत जाऊ देत नाही, म्हणून ती पाडा. तशी औषधं काढली. उंदरांमध्ये हा भराव बनवणाऱ्या पेशी काढून टाकून पाहिल्या. झालं उलटंच, कॅन्सर जास्त माजला, लवकर पसरला, उंदीर आधी मेले. म्हणजे भोवतालच्या या पेशींतल्या काही कॅन्सरला आवरून धरत होत्या. सगळ्याच नाही. काही त्याला मदतही करतात, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. कोणत्या राखतात आणि कोणत्या फितूर होतात, तेच शोधायचं काम चालू आहे. ती म्हणाली, निरोगी शेजारी पेशीसुद्धा बिघडलेल्या पेशीला वर्षानुवर्षं दाबून ठेवू शकतात. पेशी बिघडली म्हणजे लगेच कॅन्सर झाला, असं नसतं. भोवतालच्यांनी हात सोडला की तो वाढतो.

रशीदभाई बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे वावराचा धुरा असते तसं? धुरा खचला की पानी सुटते?"

"साधारण तसंच, शेताच्या बांधासारखं," ऋतुजा म्हणाली.

मी विचारलं, "मग हा माणूस साडेतीन वर्षं जगला तो या वेढ्यामुळं?"

ऋतुजा सावध आहे, मी तिच्या वयात नव्हते तशी. "एका ब्लॉकवरून असं म्हणता येत नाही मॅडम. असेल, नसेलही. म्हणून तर हवाय. पण घरच्यांची परवानगी लागेल."

मधुकररावांनी बोट ठेवून विचारलं होतं, हे काय आहे. मी म्हटलं होतं, ते सोडा. तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याचा दोष मी स्वतःला देत नाही. पण "मला ठाऊक नाही" एवढं म्हणता आलं असतं. तीस वर्षांत हे तीन शब्द मी फार थोड्या वेळा उच्चारले आणि त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

परवानगीचा कागद मीच घेऊन जाते म्हटलं. रशीदभाई म्हणाले, "मी बी येतो." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

धामणगावला कल्पनाच्या सासरचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. ती गल्ल्यावर बसली होती. चाळिशीकडे झुकलेली, डोळे थेट बापाचे. आम्ही कोण ते सांगितलं. अमरावतीची लॅब म्हटल्यावर तिने आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. मी कागद पुढं केला आणि गाठ, भराव, संशोधन, सगळं समजावून सांगितलं. मी समजावून चांगलं सांगते, त्याआड लपताही चांगलं येतं.

तिने कागद पूर्ण वाचला. मग विचारलं, "म्हंजे यामुळं बाबा जास्त जगले?"

"कदाचित."

"जास्त म्हंजे कशापेक्षा?"

वकील झाली असती तर ती चांगली झाली असती. मी टेबलाकडं बघत म्हटलं, "मी सांगितलं होतं त्यापेक्षा. मी त्यांना चार महिने सांगितले होते."

दुकानात खताच्या पोत्यांचा उग्र वास भरून होता. तिने परवानगीचा कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "तुमी सांगितले होते?"

"हो."

"मी त्यांना म्हटलं होतं, तुमी सोंग केलं. शेवटी दवाखान्यात गेली मी, पण बोलली नाही. ते माझ्याकडं पाहत होते, मी सलाइनकडं पाहत होती." तिचा आवाज कोरडा होता. "ते म्हणाले होते, अमरावतीच्या मॅडमनं सांगितलं. मी म्हटलं, मग आणा लिहून."

"ते आले होते," मी म्हटलं. "कागद टाइप करून आणला होता. मी सही दिली नाही. मला आठवत नाही म्हणून सांगितलं. आठवत होतं."

रशीदभाईंनी मान हलवली. "मी होतो तिथं. खरं आहे बेटा."

कल्पनाने माझ्याकडं पाहिलं. तिला रडू येईल असं मला वाटलं, निदान ती ओरडेल. तिने शांतपणे विचारलं, "सही दिली असती तं काय झालं असतं तुमचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला सरळ विचारला नव्हता. नोटीस, बदनामी, सर्जनची नाराजी, सगळं एकेक करून डोळ्यांपुढं आणलं. त्यातलं काहीही झालं नसतं. एका बापाने एका मुलीला एक कागद दाखवला असता.

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच झालं नसतं."

एक गिऱ्हाईक आलं, तिने उठून त्याला तुरीचं बियाणं दिलं. परत येऊन परवानगीच्या कागदावर सही केली, स्वच्छ, पूर्ण नावाची. मग दुकानाच्या छापील पॅडचा एक कागद फाडून माझ्यापुढं ठेवला, त्यावर पेन ठेवला.

"आता लिहून द्या."

मी लिहिलं. मधुकररावांनी टाइप केलं होतं त्याहून जास्त लिहिलं. चार महिने मी सांगितले, ते चूक होते, त्यांनी काही सोंग केलं नव्हतं, त्यांनी मागितलं तेव्हा मी नाकारलं. खाली सही केली. रशीदभाईंनी न विचारता साक्षीदार म्हणून सही केली.

कल्पनाने कागद वाचला आणि परत माझ्यापुढं सरकवला. "तारीख राह्यली."

मी आजची तारीख घालायला लागले, तर तिने माझा हात धरला. "आजची नको. बाबा सही मागायला आले होते, त्या दिवशीची टाका."

पेन कागदावर टेकवून मी बसून राहिले. दिवस कोणता होता, महिना कोणता होता, काही केल्या आठवेना. या वेळी खरोखरच आठवत नव्हतं.